वास जिनचा, चव वाडीची

जिन ही वासाची दारू आहे. व्हिस्कीकडे पिंपातल्या लाकडाचं वय असतं, रमकडे उसाची आठवण असते. जिनकडे यातलं काहीच नसतं. धान्यापासून किंवा मळीपासून काढलेला, शक्य तितका निर्गंध केलेला मद्यार्क आणि त्यात उतरवलेला बियांचा, सालींचा, मुळांचा वास, एवढीच तिची सगळी मिळकत. म्हणून आवडती जिन शोधताना जिभेच्या आधी नाकाला विचारावं लागतं. कोकणात तर जास्तच, कारण इथे वासांची टंचाई कधी नसतेच. खळ्यात रातांब्याची सालं वाळत असतात, पोफळीवर मिरवेल चढलेली असते, वाऱ्याला खार असतो आणि तिन्हीसांजेला कुठल्या तरी चुलीवर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं रटरटत असतं. एवढ्या गर्दीत ग्लासातली जिन ओळखू आली पाहिजे. आवडती जिन निवडायची माझी कसोटी हीच, आणि ती काय काय घालून प्यावी हेही याच कसोटीवर ठरवावं.

जिनच्या केंद्रस्थानी एकच झाड आहे, जुनिपर. संस्कृतात ती हपुषा, आणि काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर. निळसर काळी गोल फळं दिसतात, पण ती खरी फळं नव्हेत, सूचिपर्णी झाडाचे मांसल शंकू आहेत. दोन बोटांत चुरडली की राळ, ओलं लाकूड, थोडी मिरी आणि मागून लिंबाच्या सालीसारखं काहीतरी येतं. (समुद्रकाठची आपली सुरूची बनं दिसायला याच कुळातली वाटतात, पण आपला सुरू सूचिपर्णी नव्हेच, त्याच्या वाळक्या काड्यांत हा वास शोधून सापडायचा नाही.) जुनिपरच्या जोडीला बहुतेक जिनमध्ये धने असतात, अँजेलिका नावाच्या वनस्पतीचं मूळ असतं, आणि मग ज्याच्या त्याच्या पाककृतीप्रमाणे लिंबा-संत्र्याची साल, ज्येष्ठमध, दालचिनी, वेलदोडा, आलं. ही सामग्री मद्यार्कात भिजवून पुन्हा गाळतात, किंवा भट्टीच्या वरच्या अंगाला जाळीत ठेवून नुसती वाफ तिच्यातून नेतात. वाफेने काढलेली जिन नाजूक लागते, भिजवून काढलेली भरदार.

‘लंडन ड्राय’ हा शब्द बाटलीवर दिसला की ती लंडनची असते असं नाही. ती पद्धत आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे सगळा वास गाळतानाच आला पाहिजे, नंतर रंग किंवा अर्क घालायचा नाही, आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. याच्या उलट टोकाला नुसत्या मद्यार्कात अर्काचे थेंब टाकून केलेली स्वस्त जिन असते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे तळहातावर दोन थेंब चोळायचे. अर्कवालीचा वास पहिल्या क्षणी मोठ्ठा येतो आणि मिनिटाभरात फक्त दवाखान्यातला स्पिरिटचा वास उरतो. नीट गाळलेली जिन उडून गेल्यावरही तळहातावर राळ आणि धने मागे ठेवते.

आता निवड. गेल्या काही वर्षांत चांगली देशी जिन मिळायला लागली आणि तिचा मोठा भाग आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात तयार होतो. २०१७ साली आलेली ‘ग्रेटर दॅन’ ही साधी, जुनिपर पुढे असलेली लंडन ड्राय. तिच्यात आलं, गवती चहा, बडीशेप आणि कॅमोमाइलची फुलं पाठीमागून येतात. त्याच घराण्याची ‘हापुसा’ २०१८ची. कोकणी माणूस हे नाव हापूस असंच वाचणार, पण ते हपुषेवरून आलंय. तिच्यात हिमालयातलं जुनिपर आहे आणि हळद. वास मातकट, पहिल्या पावसानंतरच्या जमिनीच्या जवळचा. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’मध्ये लिंबवर्गी सालींचा भर आहे, शिवाय मिरी आणि जायफळ. परदेशी बाटल्यांत ‘टँकरे’ ही जुनिपरची सरळ रेघ, ‘बॉम्बे सफायर’ वाफेवरची आणि हलकी, ‘हेंड्रिक्स’ काकडी-गुलाबाची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, कोकणात मसालेदार देशी जिन शोभेल. मला नेमकं उलट वाटतं. मसाला, आंबट, फळ हे सगळं इथली वाडी देते. तेच बाटलीत आधीच भरलेलं असलं तर ग्लासात दोन स्वयंपाकिणी एका चुलीपाशी भांडतात. वाडीतलं काही घालून प्यायची असेल तेव्हा जिन जितकी साधी आणि जुनिपरची तितकी चांगली. ‘हापुसा’सारखी स्वतःचा स्वभाव असलेली जिन वेगळी ठेवावी आणि नुसत्या सोड्याबरोबर प्यावी, जास्तीत जास्त आल्याची एक पातळ चकती घालून.

हे माझं मत झालं. तुमचं ठरवण्यासाठी तीन वेगळ्या स्वभावाच्या बाटल्या घ्या, एक जुनिपरची, एक सालींची, एक मसाल्याची. त्यासाठी तीन मित्रांनी वर्गणी काढली तरी चालेल. काचेचे तीन सारखे, तोंडाशी थोडे निमुळते ग्लास घ्या. स्टीलचा पेला नको. त्याला कालच्या कढीचा आणि भांड्याच्या साबणाचा वास असतो. दुसऱ्या कुणाला तरी प्रत्येकी १५ मिली ओतायला सांगा आणि ग्लासाच्या बुडाला खूण करायला लावा, म्हणजे नावाचा दबाव राहत नाही. आधी तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर मद्यार्क नाकाला झोंबून बाकीचं सगळं झाकून टाकतो. मग तेवढंच, १५ मिली, साधं पाणी घाला. आपल्याकडची जिन बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, ती आता २१ टक्क्यांच्या आसपास आली. या पातळीवर दडलेले वास मोकळे होतात आणि दोषही. पाणी घातल्यावर जिन किंचित दुधाळ दिसली तर ती बिघडलेली नाही. तिच्यात सुगंधी तेलं भरपूर आहेत आणि मद्यार्क कमी झाल्यामुळे ती विरघळून राहत नाहीत. शेवटी प्रत्येकीत ३० मिली थंड टॉनिक, म्हणजे जिनबरोबर घेतात ते कडवट, फसफसतं पाणी. शुद्ध प्यायला आवडलेली जिन टॉनिकमध्ये हरवणं आणि मुखदुर्बळ वाटलेली तिथे खुलणं, हे वारंवार घडतं. म्हणून कौल टॉनिकनंतरचा धरावा. ही चाचणी जेवणाआधी करायची. तिखट सार खाल्लेल्या जिभेला धने आणि दालचिनी यांतला फरक कळत नाही.

बाटली कुठून आणता हेही सांगायला हवं, कारण सिंधुदुर्गात हा प्रश्न रोजचा आहे. गोव्यातली किंमत मोह पाडते, पण गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला त्यासाठीच तपासणी नाका आहे. महाराष्ट्रात जिनसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही. घरी आणलेली बाटली उन्हापासून दूर, कपाटात उभी ठेवा. ती नासत नाही, पण अर्ध्यावर आलेल्या बाटलीत हवा जास्त आणि वर मे महिन्याचा उकाडा, त्यात सालींचे वास सगळ्यात आधी उडतात. उघडल्यावर सहा-आठ महिन्यांत संपवलेली बरी.

बर्फाविषयी थोडं विस्ताराने, कारण कोकणात जिन बिघडते ती बहुतेक वेळा बर्फानेच. बंदरावर बर्फाच्या लाद्या सहज मिळतात, पण तो मासळीचा बर्फ, पिण्याचा नव्हे. अखाद्य बर्फात निळसर रंग घालायचा नियम महाराष्ट्रात त्यासाठीच आहे. रंग दिसला नाही तरी त्या वाटेला जाऊ नये. घरच्या बर्फाची अडचण वेगळी. ज्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोळंबी असते तिथला उघडा बर्फ दोन दिवसांत मासळीचा वास धरतो, आणि तो वास ग्लासात बर्फ वितळायला लागल्यावरच कळतो. झाकणाच्या डब्यात बर्फ लावा आणि तीन दिवसांहून जुना जिनसाठी वापरू नका. पाणी उकळून गार केलेलं घ्या. नितळ, सावकाश विरघळणारा बर्फ हवा असेल तर लहान थर्माकोलच्या खोक्यात प्लॅस्टिकचा डबा बसवून, वरून उघडा ठेवून फ्रीजरमध्ये लावा (त्या दिवसापुरती मासळी बाहेर). गोठणं फक्त वरून खाली होतं, हवा आणि क्षार खाली ढकलले जातात. साधारण एका दिवसात वरचा भाग काचेसारखा होतो. खालचा पांढुरका भाग तोडून टाकायचा. पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चालावं. एकदा वितळून पुन्हा गोठलेला बर्फ एकमेकांना चिकटलेला आणि पाणचट असतो.

ग्लास बर्फाने काठोकाठ भरायचा. कमी बर्फाने दारू पातळ होत नाही हा समज चुकीचा आहे. दोनच खडे टाकले तर ते गरम द्रवाला थंड करताना स्वतः भराभर वितळतात. भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो.

टॉनिकचा कडवटपणा क्विनीनचा, जुन्या माणसांच्या भाषेत कोयनेलचा. सिंकोनाच्या सालीतून ते पॅरिसमध्ये १८२० साली वेगळं काढलं गेलं आणि १८५८ साली लंडनमध्ये पहिल्या टॉनिक पाण्याचं पेटंट घेतलं गेलं. हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या किनाऱ्याला हे कडू पाणी औषध म्हणून ओळखीचं वाटेल, पण आजच्या बाटलीतलं क्विनीन फक्त चवीपुरतं असतं, त्याने हिवताप टळत नाही. ज्यांना क्विनीनची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र या थोड्यापासूनही लांब राहावं. टॉनिक कडू असूनही साखरेचं पेय आहे हे विसरू नये. लेबल वाचून कमी साखरेचं निवडलेलं बरं.

प्रमाण असं: ४५ मिली जिन, १३५ मिली टॉनिक. एकास तीन. पेयाची तीव्रता १०.७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तब्येतीने प्यायच्या वाइनच्या जवळपास. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलीचा. त्याला १८० मिली टॉनिक लागतं आणि मे महिन्याच्या दमट संध्याकाळी एवढा मोठा ग्लास अर्ध्यावर येईतो उरलेलं पाणी होतं. त्यापेक्षा ३० मिलीचा छोटा पेग, ९० मिली टॉनिक आणि लहान ग्लास घ्या. हवाच तर दुसरा ताजा करा. टॉनिक फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवलेलं हवं, कारण कोमट पाण्यात वायू टिकत नाही आणि बर्फावर पडताच सगळा फेस होऊन निघून जातो. दोन लिटरची बाटली घेऊ नका, तिसऱ्या ग्लासापर्यंत ती मेलेली असते. जिन आधी, टॉनिक मागून, बर्फाच्या अंगावरून हळू. मग लांब चमचा बुडापर्यंत नेऊन एकदा वर उचला. गरागरा ढवळणं म्हणजे पैसे देऊन घेतलेला वायू हाताने उडवणं.

लिंबू पिळायचं की नाही? कागदी लिंबाचा रस पाच मिलीहून जास्त झाला की त्याचं सरबत होतं. मला सालीचा तुकडा अधिक पटतो. पांढरा भाग न घेता अंगठ्याएवढी साल काढा, रंगीत बाजू खाली करून ग्लासावर चिमटा. तेलाचे बारीक तुषार पृष्ठभागावर पडतात, आणि पहिला वास तोच येतो.

आता कोकम. कोकणातल्या सगळ्या जिनसांत जिनला सर्वांत चांगली साथ कोकम देतं आणि त्याचं कारण साधं आहे: कोकमाला चव आणि रंग भरपूर, वास मात्र जवळजवळ नाही. ते आंबट होतं, थोडं तुरट होतं, ग्लास माणकासारखा लाल करतं आणि वासाची जागा जिनला मोकळी सोडतं. पण कोकम कोणत्या रूपातलं, इथे बहुतेकांची गफलत होते. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. तो सोलकढीच्या हाताने ओतला तर ग्लास खारट होऊन फुकट जातो. ४५ मिली जिनला आगळ फक्त पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. त्याला साखरेचा पाक १० मिली (साखर आणि पाणी समान घेऊन विरघळवलेला) आणि १२० मिली थंड सोडा. त्यातलं एवढंसं मीठ उपकारच करतं, कारण मीठ कडूपणा दाबतं आणि जुनिपरच्या राळेची टोचणी मऊ करतं. हीच युक्ती नुसत्या टॉनिकलाही लागू आहे: टॉनिक फार कडू वाटलं तर चिमटीच्याही चिमटीएवढं मीठ.

अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या सालींत दुप्पट साखर थरांनी भरून, बरणी आठवडाभर उन्हात ठेवून सुटलेला पाक. तो वापरायचा तर १५ मिली, आणि वेगळी साखर अजिबात नको. बाजारच्या काही बाटल्यांत जिरं घातलेलं असतं. सरबताला ते छान, जिनला घातक, कारण जिऱ्यापुढे धने टिकत नाहीत. आधी चमचाभर चाखून बघा. आगळ नाही, पाक नाही, फक्त डब्यात आमसुलं आहेत, तरी हरकत नाही. सहा आमसुलं १०० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने कुस्करा, गाळा. एका ग्लासाला ३० मिली पुरे. उकळू नका, तुरटपणा वाढतो. आणि कोकमाबरोबर निखळ टॉनिक नको. कोकमाचा तुरटपणा आणि कोयनेलचा कडूपणा एकत्र आले की जीभ सुकते. सोडा घ्या, फार तर ६० मिली सोडा आणि ६० मिली टॉनिक.

वास कमी, चव जास्त या हिशेबात दुसरा नंबर कैरीचा. उकडलेल्या कैरीचं घट्ट पन्हं ३० मिली, जिन ४५, सोडा १००. वेलची न घातलेलं पन्हं घ्या. गर गाळून घेतला नाही तर तो सोड्याचा वायू खातो आणि ग्लासात चिखल बसतो. शहाळ्याचं पाणीही साथ देतं: ६० मिली जिन, १२० मिली पाणी, १० मिली लिंबू, वर सोडा नाहीच. बहामात जिन आणि नारळपाण्याची जोडी जुनी आहे, तिथे त्यात आटवलेलं गोड दूधही घालतात. आपल्याला दुधाची गरज नाही, पण शहाळं त्याच वेळी फोडलेलं हवं. सकाळी काढून ठेवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत आंबूस लागतं.

पिकलेला हापूस जिनमध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे. हापूस हा सगळाच वास आहे. त्याच्यापुढे पंधरा वनस्पतींची जिन आणि बिनवासाची व्होडका यांत फरक राहत नाही, मग जिन कशाला वाया घालवायची? सोलकढीचंही तसंच. जिनचे सुगंध तेलात विरघळणारे असतात, नारळाच्या दुधातली चरबी ते पकडून ठेवते, नाकापर्यंत सोडत नाही. सोलकढी जेवणाच्या शेवटी, तिच्या जागी.

तिरफळाचं मात्र करून बघावं, हात आखडता ठेवून. तिरफळ हे सिचुआन मिरीचं भावंड, जिभेला मुंग्या आणणारं आणि सालीसारखा तेजस्वी वास असलेलं. आतली काळी बी काढून टाका, ती कचकचते. चार-पाच टरफलं २०० मिली साध्या जिनमध्ये घाला आणि तासाभराने चाखा. दोन तासांच्या आत गाळलंच पाहिजे. रात्रभर ठेवलं तर ओठ बधिर होतात आणि दुसरं काही कळत नाही. ही जिन टॉनिकबरोबर, लिंबाशिवाय.

गिमलेट म्हणजे जिन आणि लिंबाचा गोड अर्क यांचं पेय. त्यासाठी लागणारा अर्क घरी करता येतो. सहा लिंबांची फक्त हिरवी साल २०० ग्रॅम साखरेत चोळून पाच तास झाकून ठेवली की साखर सालीचं तेल ओढून ओली होते. त्यात १५० मिली लिंबाचा रस, ढवळून साखर विरघळवा, गाळा, फ्रीजमध्ये ठेवा. दोन आठवडे टिकतो. ६० मिली जिनला २० मिली, बर्फात जोरात हलवून गाळलेला. याच्याबरोबर तळलेली मांदेली किंवा रव्यातली कोळंबी जितकी छान लागते तितकी टॉनिकबरोबर लागत नाही, कारण तेलकट मासळीला कडूपेक्षा आंबट हवं असतं. खोबरं घातलेल्या तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, कोकमवाला ग्लास. भरलेल्या तिखट पापलेटाबरोबर मद्यार्क तिखटपणा भडकवतो, तेव्हा ग्लास बाजूला ठेवलेला बरा. आणि पिऊन समुद्रात उतरायचं नाही, ओहोटीच्या वेळी तर मुळीच नाही.

पपनस राहिलं. ग्रेपफ्रूट जन्मलं ते पपनस आणि संत्र्याच्या संकरातून, त्यामुळे जिनमध्ये परदेशात ज्या सालीचं कौतुक करतात तिची थोरली बहीण आपल्या परसात आहे. भाद्रपदात ती पिकतात, गणपतीपुढे फळांत मांडली जातात. त्या दिवसांत घरात जिनची बाटली निघत नाही, काही घरांत तर श्रावणापासून पुढे नवरात्र उठेपर्यंत नाही. म्हणून त्याच झाडाचं दुसरं फळ घ्यावं, गर पोरांना खायला द्यावा आणि सालीचा नुसता पिवळा पापुद्रा सोलाण्याने लांब पट्ट्यांत काढून, पट्ट्यांत कागद घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवावा, मासळीच्या कप्प्यापासून लांब. कोजागरीपर्यंत वास शाबूत राहतो. वापरायच्या आधी पट्टी दोन मिनिटं बाहेर ठेवायची. गोठलेली चिमटली तर मोडते आणि तेल सालीतच राहतं.